बारा गाड्या आणि एक वेणी

मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवून जो उभा राहतो, त्याला मग जगातल्या कुठल्याच गोष्टीचं भय उरत नाही. हे वाक्य मला संग्रहालयात कानाला लावायला दिलेल्या यंत्रानं इंग्रजीत सांगितलं. आवाज खोल होता, गाभाऱ्यातून आल्यासारखा. तो ऐकत असताना माझ्यासमोर काचेच्या कपाटात त्या निर्भय माणसाचे मोजे टांगलेले होते. गुलाबी, गुडघ्यापर्यंतचे. डाव्या टाचेला बारीक रफू होतं.

स्पेनच्या दक्षिणेकडे, जिथला उन्हाळा भुसावळच्या उन्हाळ्याशी बरोबरी करू शकतो असं तिथले लोक सांगतात (त्यांनी भुसावळ पाहिलेलं नाही), तिथल्या एका शहरात माझी मुलगी रेणू नोकरीला आहे. बैलांशी झुंजायचं जुनं गोल मैदान आणि त्याच्या पायऱ्यांखाली त्या झुंजीचं संग्रहालय तिच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी जळगावला तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. संग्रहालय दिसलं की आत शिरायचं ही त्या नोकरीची खोड, अजून गेलेली नाही.

आत गारवा होता. जुन्या चामड्याचा आणि लाकडाला लावलेल्या मेणाचा वास. भिंतींवर बैलांची मुंडकी, प्रत्येकाखाली पितळी पट्टी आणि पट्टीवर त्याचं नाव. नावं मोठी गोड होती. रेणूनं अर्थ सांगितले: कोळसेवाला, चिमुकला सरदार, लिंबाचं फूल. एका मुंडक्याला कानच नव्हते. मी कारण विचारलं. रेणू म्हणाली, "चांगला झुंजला की मारणाऱ्याला बैलाचा कान बक्षीस देतात, बाबा. फारच चांगला झुंजला तर दोन्ही." मी त्या बिनकानाच्या बैलाकडे पाहिलं. आपण फारच चांगले झुंजलो याचा त्याला फारसा आनंद झालेला दिसत नव्हता.

पुढच्या दालनात जरीचे झगे. सोन्याच्या तारेचं इतकं काम की झगा अंगावर नसतानाही स्वतःच्या बळावर उभा राहावा. त्या झग्यांसमोर उभा असताना मला आठवलं ते आप्पांचं धोतर.

आप्पा म्हणजे माझे काका. धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळ्याच्या अलीकडे आत वळलं की बोरी नदीच्या काठी आमचं गाव लागतं. वडील धुळ्याला नोकरीत होते आणि मी दहावीपर्यंत गावात, आप्पा-काकींकडे. आप्पा गावचे भगत. आमच्या खान्देशात भगत म्हणजे यात्रेच्या दिवशी बारागाड्या ओढणारा माणूस. बारा बैलगाड्या एकीमागे एक दोरानं बांधतात. त्यांच्यावर बायका, पोरं, म्हातारी माणसं, पाहुणे, जागा मिळेल तसे चढतात. आणि मग त्या बाराच्या बारा गाड्या एक माणूस ओढतो. बैल नाहीत. पहिल्या गाडीच्या जुवाला बैलाच्या जागी खांदा लावून खंडेरावाच्या नावानं ओढतो. दोन बाजूंनी त्याला सावरणारे गडी असतात, त्यांना बगले म्हणतात. बस.

म्हणजे स्पेनमध्ये माणूस वर्षातून काही दिवस बैलाला मारून दाखवतो, आणि आमच्याकडे वर्षातून एक दिवस माणूस बैल होऊन दाखवतो. यातली कुठली संस्कृती श्रेष्ठ यावर मी दहावीच्या वर्गाला निबंध लिहायला लावला असता. आता माझा वर्ग नाही, ते मुलांचं भाग्य.

चैत्रातले ते दिवस. कडुनिंबाला तांबूस कोवळी पालवी. गच्चीवर धोतरांवर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, त्यांचा आंबूस वास, आणि त्यांची राखण करायला बसवलेले आम्ही, जे कावळ्यांपेक्षा जास्त ओल्या बिबड्या खायचो. यात्रेच्या आठ दिवस आधीपासून गाड्या गोळा व्हायला लागत. चाकं उतरवून कण्यांना वंगण घालत. एरंडेल तेल आणि काजळीचं ते काळं वंगण, त्याचा जड गोडसर वास हाताला लागला की तीन आंघोळी टिके. मला अजूनही कुठे जुन्या यंत्राच्या तेलाचा वास आला की जिभेवर गोडीशेवेची चव येते. यात्रेत ती ढिगानं असे, गुळाची, जाड, दाताला चिकटणारी. वास आणि चव यांचा हा हिशेब डोक्यात कोण लावून ठेवतं, कळत नाही.

यात्रेच्या दिवशी आप्पांचा उपास. सकाळपासून बोलणं नाही. काकी चुलीवर खापर उपडं घालून पुरणाचे मांडे करायची. मांडा हातावर फिरत फिरत रुमालाएवढा, मग चादरीएवढा होऊन खापरावर पडायचा. सगळ्या घराला वास, आणि ज्याच्यासाठी मांडे होत होते तो माणूस ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला. दुपार कलली की डफ वाजायला लागे. आप्पा धोतर खोचून, उघड्या अंगाला हळद फासून निघत. मानेवर पांढरट दोऱ्यात बांधलेली एक बोटभर जाडीची वेणी. ज्या वर्षी पहिल्यांदा खांदा दिला त्या वर्षापासून खंडेरावाच्या नावानं मागचे तेवढे केस त्यांनी कापले नव्हते. ती वेणी काकी घालायची. तेल लावून, घट्ट ओढून. आप्पा कळवळायचे. बारा गाड्या ओढणारा माणूस वेणीला कळवळतो, हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

मग "येळकोट येळकोट"चा गजर. भंडारा उधळला की हवा पिवळी होई. आम्ही सहाव्या गाडीत. सहावीच का, ते कुणी ठरवलं माहीत नाही, पण आमची सहावी. पुढून आधी कण्याचा एक लांब कण्हण्याचा आवाज यायचा, पहिल्या गाडीचा. मग दुसरीचा, मग तिसरीचा. तो आवाज आपल्याकडे चालत येतोय हे कळायचं आणि आम्ही गाडीची कड घट्ट धरायचो. पाचवी. आणि मग आपल्या बुडाखालची फळी हलायची. तसा हलण्याचा आनंद मला पुढे कुठल्याही वाहनात मिळाला नाही. विमानातही नाही, आणि तिथे तर खायलाही देतात.

त्या दिवशी बैलांना सुट्टी. गावातले सगळे बैल नदीकडे उतरणाऱ्या वाटेच्या कडेला निंबाखाली बांधलेले. आम्ही ओरडत, पिवळे होऊन त्यांच्यासमोरून जात असू, आणि ते रवंथ करत आमच्याकडे पाहत. आम्ही वर्षभर ओढतो त्याची यात्रा भरत नाही, असा त्यांचा चेहरा असे.

संध्याकाळी काकी आप्पांचा खांदा शेकायची. हळद आणि लोणी चोळून, वर गरम केलेलं एरंडाचं पान. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यालाही हेच व्हायचं, हाच हात, हेच लोणी. काकी बैलांशी बोलत बोलत शेकायची. आप्पांच्या वेळी मात्र गप्प असायची. मला वाटे, दमली असेल.

आप्पांनी पहिल्यांदा खांदा दिला त्याला यंदा एकोणपन्नास वर्षं झाली. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते ओढतच होते.

मी स्पेनला निघायच्या आठवडाभर आधी आप्पांचा मुलगा सुधाकर माझ्या घरी आला होता. तो जळगावात पाइपच्या कारखान्यात आहे, बोलायला कमी. चहा निवला तरी कप हातातच. म्हणाला, "दादा, मागच्या वर्षी जे झालं ते तुला कुणी सांगितलं नाही."

झालं ते असं. गाड्या ओढणं ही अर्धी गोष्ट. गाड्या एकदा पळायला लागल्या की मागून ढकलत येतात, आणि शेवटी भगताला जू सोडून नेमक्या क्षणी बाजूला व्हावं लागतं. आप्पांचा गुडघा गेलाय. मागच्या वर्षी बाजूला व्हायला त्यांना उशीर झाला आणि गाडीचं टोक त्यांच्या कमरेला घासून गेलं. बगल्यांनी ओढून काढलं. लोकांना वाटलं आप्पांनी देवापुढे लोटांगण घातलं. लोकांनीही घातलं.

"आणि पहिल्यासारख्या लाकडी चाकाच्या गाड्या राहिल्यात कुठे?" सुधाकर म्हणाला. "बारापैकी आठ टायरच्या. लाकडी चाक कुरकुरत यायचं. टायर न सांगता येतं. यंदा मेले तर मी काय करू? आई तर जेवतही नाही धड. तू सांग, तुझं ऐकतात."

पन्नास वर्षांत आप्पांनी माझं एकदाही ऐकलेलं नाही, पण कुटुंबात अशा समजुती टिकून असतात. मी फोनवर सांगून पाहिलं. आप्पा म्हणाले, "सोडानी रीत नही ना मास्तर." आणि ते खरं होतं. आमच्या गावात भगत व्हायची रीत आहे: कौल, हळद, नारळ, सगळं. भगतपण सोडायची रीतच नाही. आप्पांच्या आधीचे भगत वारले तेव्हा सुटले. त्यांच्या आधीचेही. आता मला जमत नाही असं देवाला आणि चार हजार लोकांना कुठल्या शब्दांत सांगायचं, ते कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

हे ओझं घेऊन मी त्या संग्रहालयात फिरत होतो. शेवटच्या दालनात, बाहेर पडायच्या दाराजवळ, एका छोट्या काचेच्या पेटीत मखमलीवर एक काळी वेणी ठेवलेली होती. बोटभर जाडीची.

मी रेणूला हाक मारली. तिनं पाटी वाचली. झुंजणाऱ्यांच्या डोक्यामागे अशी वेणी असते, म्हणाली, ती त्यांच्या धंद्याची खूण. वय झालं, आता पुरे असं त्याला वाटलं की शेवटच्या झुंजीनंतर भर मैदानात, सगळ्या लोकांसमोर, घरातलं कुणीतरी येऊन ती कापतं. मुलगा, भाऊ, कुणीही. कापली की तो सुटला. परत उतरायचं नाही, आणि उतर असं कुणी म्हणायचंही नाही.

मी तिथेच फोन लावला. गावात दुपारचे साडेचार झाले असतील. व्हिडिओ कॉलवर आप्पा फोन कानाला लावतात, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मला पडदाभर त्यांचा कान दिसला. एवढ्या मुंडक्यांनंतर तो कान जागेवर पाहून बरं वाटलं. मग काकीनं फोन त्यांच्या हातून घेऊन समोर धरला.

"मास्तर! कोठे शे रे तू?" आप्पा अहिराणीत बोलतात, मी मराठीत उत्तर देतो. शाळेनं केलेलं हे नुकसान आता भरून येणार नाही.

"रेणूच्या गावी. बैलांचं संग्रहालय आहे, बघा." मी फोन भिंतीकडे वळवला.

आप्पांनी नीट पाहिलं. गुरांच्या बाजारात पाहतात तसं. "हाऊ बैल शे का वळू?"

"वळू."

"याले वशिंड नही. मंग जू कोठे ठेवतस?"

"जू ठेवत नाहीत आप्पा. हे शेतात काम करत नाहीत."

"मंग काय करतस?"

"लढतात. माणसाशी."

"कोन जिकस?"

"माणूस. बहुतेक वेळा."

"आन मंग बैलनं काय व्हस?"

"मारतात त्याला."

फोनमागून काकीचा आवाज आला, "काय म्हनस तो?"

"काही नही," आप्पा तिला म्हणाले. "तठला बैल म्हतारा व्हतस नही, म्हनस."

मग मी त्यांना वेणी दाखवली. रीत सांगितली, रेणूनं सांगितली तशी, पाटीवर होती त्यापेक्षा थोडी जास्त गंभीरपणे. आप्पा पडद्याच्या इतके जवळ आले की फक्त एक डोळा दिसत होता.

"कोन कापस?"

"घरचं माणूस."

"लोके हासतस नही?"

"नाही. उभे राहून टाळ्या वाजवतात. काही जण रडतातही."

"मंग तो माणूस घर जाईसन काय करस?"

याचं उत्तर पाटीवर नव्हतं. मी म्हणालो, "बसत असेल ओसरीवर. बायकोशी भांडत असेल."

काकी मागून हसली. तिचं हसू मी फार दिवसांनी ऐकलं. आप्पा म्हणाले, "बरं." मग त्यांनी रेणूला विचारलं, तिकडे भाकरी मिळते का, आणि फोन बंद केला. बंद करायला त्यांना तीन मिनिटं लागली. तेवढा वेळ मला पुन्हा कान दिसत होता.

बाहेर पडताना रेणू हळूच म्हणाली, "बाबा, पाटीवर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. हल्ली कुणी केस वाढवत नाही. वेणी खोटी असते. चापानं लावतात."

हे मी आप्पांना कळवलं नाही. इतिहासाच्या शिक्षकाला काय वगळायचं ते कळावं लागतं.

चैत्रात मी परत आलो आणि यात्रेला गावी गेलो. आप्पांनी त्या फोनचा विषय काढला नाही. मीही नाही. सुधाकर माझ्याकडे पाही, मी छताकडे. सकाळी आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले, काकीनं खापर उपडं घातलं. यंदा मांडा तिच्या हातून दोनदा फाटला. वेणी घालायला ती आप्पांच्या मागे बसली तेव्हा मी ओसरीवर होतो. फार वेळ लावला तिनं. एवढ्याशा केसांना एवढा वेळ लागत नाही. आप्पा यंदा कळवळले नाहीत, आणि मी समजलो की ओढणार.

दुपारी गाड्या लागल्या. निंबाखाली यंदा तीनच बैलजोड्या होत्या, आणि एक ट्रॅक्टर, त्यालाही कुणी हळद लावली होती. आप्पांनी गाड्यांभोवती पाच फेऱ्या घातल्या. पाचव्या फेरीला गुडघ्यावर हात ठेवून चालत होते. डफाचा जोर वाढला. मी भंडाऱ्याचं ताट घेऊन पहिल्या गाडीजवळ उभा होतो. ते काम शिकलेल्या माणसाला देतात, कारण त्यात काही करायचं नसतं. सुधाकर जुवाच्या इतका जवळ येऊन उभा होता की बगल्यांनी त्याला दोनदा मागे सारलं.

आप्पा जुवापाशी आले. वाकून त्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग खांदा द्यायच्या ऐवजी जुवाकडे पाठ करून मातीत मांडी घालून बसले. डफ एक एक करून थांबले.

"अवं," आप्पांनी हाक मारली. "कात्री आन."

बायकांच्या गर्दीतून काकी पुढे आली. तिला कुठे जावं लागलं नाही. गोधडीचं कापड कापायची मोठी कात्री तिनं कमरेला खोचलेलीच होती.

"सकायपाईन कमरले शे," ती म्हणाली.

"तुले कोनी सांगं?"

"तुम्हनी मान सांगे. येनी घालतांना." आणि मग, जरा मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं: "तेल मीच लावस, कापसू बी मीच."

सरपंच पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला आणि "आजच्या या ऐतिहासिक प्रसंगी" एवढं म्हणाले. आप्पांनी बसल्या जागेवरून हात हलवला, माशी हाकलतात तसा. सरपंच मागे गेले. काकीनं डाव्या हातात वेणी धरली. गोधडीची कात्री बोथट असते. एका फटक्यात कापली गेली नाही. करकर आवाज येत राहिला, तीनदा, चारदा, आणि त्या वेळात सगळं गाव एका म्हाताऱ्या बाईचा हात पाहत होतं. वेणी सुटली तेव्हा ती तिनं ओच्यात टाकली आणि आप्पांच्या मानेवरची उघडी पडलेली जागा पदरानं पुसली. तिथली कातडी गोरी होती. एकोणपन्नास वर्षं तिला ऊन लागलेलं नव्हतं.

कुणीतरी टाळी वाजवली. एकच. मग आपण हे काय करतोय असं वाटून त्यानं थांबवली. मग डफवाल्यानं डफावर थाप मारली आणि सगळ्यांनाच सुचलं, की हा गजर आपल्याकडे आहेच. येळकोट येळकोट. हवा पिवळी झाली. सुधाकर रडत होता, आणि भंडारा डोळ्यात गेला असं सांगत होता, जे कुणी विचारलं नव्हतं.

जुवाला नामदेव पाटील उभा राहिला. पंधरा वर्षं आप्पांचा बगला, चाळिशीचा, पैलवानी अंगाचा माणूस, आणि तो तळहात पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होता. आप्पा काकीच्या खांद्याला धरून उठले. नामदेवचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढून त्यांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. लोकांनी हात जोडले. बायकांनी पदर डोक्यावरून घेतले. पुढच्या माणसानं मागच्याला सांगितलं की मंत्र दिला, आणि मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं की खंडेराव आप्पांच्या अंगातून निघून नामदेवच्या अंगात गेला. त्यानं तर जातानाही पाहिलं.

मी ताट घेऊन दोन हातांवर उभा होतो. मला ऐकू आलं.

"पहिली गाडी हालनी का सगळं काम उतार करस," आप्पा म्हणाले. "तू फक्त टाइमवर बाजूले व्हय."